दवाखान्यातली हवा : प्लेगपासून कोविडपर्यंत

काठीत येऊन दवाखान्यातल्या हवेवर बोलायचं ठरलं, तेव्हा आमच्या ओळखीच्या एका गुरुजींनी हसत विचारलं, "इथं डोंगरावर हवेची काय कमी आहे?" प्रश्न अगदी बरोबर आहे. डोंगरावर हवेची कमी नाही. कमी आहे ती भिंतींच्या आत, आणि तीसुद्धा नेमकी तिथे, जिथे खोकणारी माणसं एकत्र बसवली जातात. आजचं बोलणं त्याच कमतरतेच्या इतिहासाबद्दल आहे.

सुरुवात इथल्याच एका गोष्टीने करू. अक्कलकुवा, धडगाव भागात फिरताना आम्ही एक वाक्य इतक्या वेळा ऐकलं की शेवटी ते वहीत लिहून ठेवायचं सोडून दिलं. दवाखान्यात गेलेला माणूस आणखी आजारी होऊन येतो, हे ते वाक्य. शहरातला शिकलेला माणूस याला अडाणीपणा म्हणतो आणि पुढे जातो. आम्हीही काही वर्षं तेच केलं. पण इतिहास वाचायला लागल्यावर लक्षात आलं, की हे वाक्य काही वेळा साफ चुकीचं होतं, काही वेळा निखालस खरं होतं, आणि कधी चुकीचं आणि कधी खरं हे ठरवायला डॉक्टरांनाही शंभराच्या वर वर्षं लागली.

चुकीचं कधी होतं ते आधी सांगतो. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेग ओळखला. महिनाभरात सरकारने रोग्यांना सक्तीने रुग्णालयात हलवायला सुरुवात केली. आर्थर रोडचं साथरोग रुग्णालय, म्हणजे आजचं कस्तुरबा, हे त्यातलं मुख्य ठिकाण. ऑक्टोबर १८९६ च्या अखेरीला गिरणी कामगारांचा मोठा जमाव त्या रुग्णालयावर चालून गेला. आत नेलेल्या माणसाचं काय करतात, बाहेर प्रेतच का येतं, असा संशय होता. पुढे पुण्यात रँडच्या अंमलात घरात शिरून झडत्या झाल्या, आणि २२ जून १८९७ ला चापेकर बंधूंनी काय केलं ते आपल्याला शाळेपासून माहीत आहे.

आता यातली गंमत बघा, गंमत म्हणायला जीभ धजत नाही, पण बघा. गाठीच्या प्लेगचं त्या वेळी डॉक्टरांनाच नवल वाटत होतं. रुग्णालयात काम करणाऱ्या परिचारिका, रोग्याच्या उशाशी दिवसरात्र बसलेले नातेवाईक, यांना प्लेग फारसा होत नव्हता. १८९८ मध्ये सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने उंदरावरच्या पिसवेकडे बोट दाखवलं, आणि १९०५ नंतर मुंबईत झालेल्या संशोधनाने ते पक्कं केलं. म्हणजे धोका माणसाच्या श्वासात नव्हता, घरातल्या उंदरात होता. रोग्याला दवाखान्यात नेल्याने कुणाला प्लेग होत नव्हता आणि कुणाचा टळतही नव्हता. त्याच काळात आपल्याकडची गावंच्या गावं घरदार सोडून माळावर झोपड्या घालून राहायला गेली. त्यांना पिसवेचं शास्त्र ठाऊक नव्हतं. पण उंदीर मागे राहिले आणि माणसं वाचली. पुण्याजवळ हडपसरच्या बाजूला सावित्रीबाई फुले आणि त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत यांनी दवाखाना काढला तोही गावाबाहेर, मोकळ्या माळावर. तिथेच सेवा करताना सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

पण त्याच मुंबईत, त्याच १८९७ सालात, चाइल्ड नावाच्या डॉक्टरांनी प्लेगचा दुसरा अवतार नोंदवला. फुप्फुसाचा प्लेग. यात गाठ येत नाही, खोकला येतो, आणि तो खोकल्यातून सरळ समोरच्या माणसात जातो. हा प्रकार किती भयंकर आहे हे जगाला १९१०-११ च्या हिवाळ्यात मांचुरियात कळलं. साठ हजारांच्या आसपास माणसं मेली. तिथे वू लियन-तेह या मलायात जन्मलेल्या तरुण चिनी डॉक्टरने सांगितलं, की हा रोग उंदरातून नाही, श्वासातून पसरतोय, तेव्हा कापूस आणि जाळीच्या कापडाची पट्टी तोंडाला बांधा. मेनी नावाचे एक अनुभवी फ्रेंच डॉक्टर होते. त्यांना हे सांगणं पटलं नाही. ते पट्टी न बांधता रोग्यांच्या खोलीत गेले आणि थोड्याच दिवसांत प्लेगने वारले. त्यानंतर तिथे सगळ्यांनी पट्ट्या बांधल्या. आपल्याकडे २०२० मध्ये घरोघरी पोचलेल्या मास्कच्या आजोबांपैकी ही एक पट्टी.

तर एकच रोग, एकच नाव, पण एकात दवाखाना निरुपद्रवी आणि दुसऱ्यात दवाखाना म्हणजे सापळा. लोकांच्या भीतीला सरसकट खरं किंवा सरसकट खोटं म्हणता येत नाही, ते यासाठी.

१९१८ च्या मानमोडीबद्दल फार बोलत नाही, कारण तिच्यावर अलीकडे पुष्कळ बोललं गेलंय. १० जून १९१८ ला मुंबईच्या गोदीत पहाऱ्यावर असलेले सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले, तिथून आपल्याकडची कहाणी सुरू होते. देशात एक ते दोन कोटी माणसं गेली असा अंदाज निरनिराळे अभ्यासक करतात. त्याच वर्षी दुष्काळ होता. तेव्हा काठी हे सातपुड्यातलं मेवास संस्थान होतं, पश्चिम खानदेशच्या डोंगरातल्या छोट्या संस्थानांपैकी एक. इथल्या माणसाला तेव्हा दवाखान्यातला संसर्ग होण्याचा प्रश्नच नव्हता, कारण दवाखानाच आवाक्यात नव्हता. हेही इतिहासात धरायला हवं. ज्यांच्याकडे दवाखाना उशिरा पोचला, त्यांच्याकडे त्याचे फायदे उशिरा पोचले, आणि त्याचे धोकेही उशिरा पोचले.

आता आम्ही ज्यासाठी आलो त्या मुद्द्याकडे येतो. इमारतींकडे.

मुंबईचं जे. जे. रुग्णालय १८४५ चं, पुण्याचं ससून १८६७ चं. ससूनची जुनी दगडी इमारत ज्यांनी पाहिली असेल त्यांनी आठवून पाहावं. उंच छत, मोठाल्या खिडक्या, बाहेर व्हरांडा. असं का बांधलं? त्या काळी समजूत होती की रोग घाणेरड्या, कोंदट हवेतून होतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंची सगळी मांडणी त्याच समजुतीवर उभी होती. खोलीतली हवा बाहेरच्या हवेइतकी ताजी हवी, दोन खाटांत अंतर हवं, समोरासमोर खिडक्या हव्यात. सिद्धांत चुकीचा होता. जंतू त्यात कुठेच नव्हते. पण खिडक्या बरोबर होत्या!

पुढे २४ मार्च १८८२ ला रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू दाखवला. मग काय झालं? कोंदट हवेचा सिद्धांत मोडीत निघाला, आणि त्याच्याबरोबर हळूहळू हवाही मोडीत निघाली. १९१० मध्ये चार्ल्स चेपिन या अमेरिकी आरोग्याधिकाऱ्याने मांडलं, की रोग मुख्यतः स्पर्शातून आणि अगदी जवळच्या शिंतोड्यांतून पसरतात, हवेतून पसरण्याची भीती उगाच आहे. माणूस विचारी होता, हात धुण्याचा आग्रह धरणारा होता, आणि बऱ्याच रोगांबाबत त्याचं बरोबरही होतं. पण त्याचं म्हणणं पुढे धर्मग्रंथासारखं झालं. डॉक्टरांच्या कितीतरी पिढ्या हेच शिकल्या, की शिंतोडे तीन-सहा फुटांत खाली पडतात, पलीकडे चिंता नाही.

मधल्या काळात क्षयासाठी औषध नव्हतं, म्हणून हवा होती. पाचगणीला डॉ. बिलिमोरियांनी १९१२ मध्ये बेल-एअर आरोग्यधाम काढलं, मिरजेला वॉनलेस डॉक्टरांच्या मिशनचं क्षयरुग्णालय उभं राहिलं. लांबलचक व्हरांडे, व्हरांड्यात खाटा, रोगी दिवसभर उघड्यावर. त्या हवेने रोगी किती बरे होत हा वादाचा विषय आहे. पण शेजारच्या खाटेवरच्या माणसाला, सिस्टरला आणि झाडूवाल्या मावशींना त्या हवेने नक्कीच सांभाळलं असणार, असं आमचं मत आहे.

हे मत आम्ही हवेतून काढलेलं नाही. १९३० च्या दशकात विल्यम वेल्स या अमेरिकी संशोधकाने दाखवलं, की खोकल्यातला बारीक थेंब खाली पडायच्या आत सुकतो, आणि त्याचा जो कण उरतो तो तासन्‌तास हवेत तरंगतो. कुणी मानलं नाही. मग त्याचे सहकारी रिचर्ड रायली यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात एक प्रयोग मांडला. सहा खाटांचा क्षयाचा वॉर्ड. त्या वॉर्डातली हवा नळांतून वर नेली आणि वरच्या खोलीत गिनीपिग ठेवले. गिनीपिगांनी रोगी पाहिलेला नाही, त्यांना कुणी शिवलेलं नाही, फक्त हवा मिळतेय. तरी त्यांना क्षय झाला. बाजूला तशीच दुसरी खोली होती, तिथे तीच हवा अतिनील किरणांच्या दिव्यापुढून नेली होती. तिथला एकही गिनीपिग आजारी पडला नाही.

यात आणखी एक गोष्ट निघाली, आणि आमच्या मते तीच सगळ्यांत मोलाची. सगळे रोगी सारखा रोग पसरवत नव्हते. थोड्या रोग्यांकडूनच बहुतेक संसर्ग होत होता, आणि योग्य औषध सुरू झालेला रोगी फार लवकर निरुपद्रवी होत होता. म्हणजे भीती ज्याचं निदान झालंय आणि जो गोळ्या घेतोय त्याची कमी बाळगायची. भीती त्याची, जो ओपीडीच्या बाकावर नुसता खोकत बसलाय आणि ज्याला अजून कुणी विचारलेलं नाही.

याला दुजोरा आपल्याच देशातून मिळाला. १९५६ मध्ये मद्रासला वॉलेस फॉक्स यांच्या देखरेखीखाली १९३ रोग्यांवर अभ्यास सुरू झाला. निम्मे आरोग्यधामात, निम्मे गरीब वस्तीतल्या आपल्या घरात, औषधं दोघांना तीच. घरचे रोगी जवळपास तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्या माणसांना क्षयाची जास्त लागणही झाली नाही. ज्याची लागण व्हायची ती निदानाआधीच होऊन गेलेली असते. या एका अभ्यासाने जगभरची आरोग्यधामं ओस पडायला सुरुवात झाली. आदिवासी भागासाठी ही केवढी मोठी गोष्ट होती बघा. कमावता माणूस वर्षभर मिरजेला किंवा पाचगणीला जाऊन पडणार नव्हता. तो गेला असता तर घर उपाशी राहिलं असतं.

पण आरोग्यधामं गेली तशी त्यांच्याबरोबर व्हरांडाही गेला. नंतरचे दवाखाने कसे बांधले गेले ते आपण रोज बघतो. छत खाली, खिडकी लहान, ती सरकत्या काचेची म्हणजे अर्धीच उघडणारी, आणि जिथे पैसा आहे तिथे एसी. पेरूची राजधानी लिमामध्ये २००७ साली एस्कोम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ रुग्णालयांतल्या खोल्यांतली हवा मोजली. खिडक्या-दारं उघडी ठेवली तर तासाला साधारण २८ वेळा खोलीतली हवा बदलत होती. यंत्राने हवा खेळवलेल्या महागड्या खोल्यांत १२ वेळा. आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या, उंच छताच्या जुन्या वॉर्डांत तब्बल ४० वेळा, तर नव्या बांधणीच्या खोल्यांत १७ वेळा. नाइटिंगेलबाई जंतू न मानता जिंकल्या.

हवेचा हिशोब चुकला की काय होतं? २००६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या टुगेला फेरी या डोंगराळ, झुलू लोकांच्या भागातल्या ग्रामीण रुग्णालयातून एक बातमी आली. ५३ रोग्यांना जवळजवळ कुठल्याच औषधाला न जुमानणारा क्षय निघाला. त्यातले ५२ गेले. बहुतेकांना एचआयव्ही होता, प्रतिकारशक्ती खचलेली होती. आणि कित्येकांना हा क्षय रुग्णालयातच, दुसऱ्या कशासाठी दाखल असताना, शेजारच्या खाटेवरून लागला होता. मेलेल्यांत तिथले कर्मचारीही होते. आम्ही हे वाचलं तेव्हा नकाशात टुगेला फेरी शोधली. डोंगर, विखुरलेली घरं, कामासाठी दूर जाणारे पुरुष, आणि सगळ्या पंचक्रोशीला मिळून एक दवाखाना. पुढचं तुम्हांला सांगायला नको.

मुंबईत शिवडीच्या क्षयरुग्णालयात काम करताना कर्मचाऱ्यांनाच क्षय झाल्याच्या बातम्या मराठी वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं येत राहिल्या. २००९ ला स्वाइन फ्लू पुण्यात आला तेव्हा नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी लागलेल्या रांगा अनेकांना आठवत असतील. ज्याला फ्लू आहे तो आणि ज्याला फक्त भीती आहे तो, एकाच रांगेत तासन्‌तास. साथीत रांग हाच वॉर्ड होतो. हे आम्हांला तेव्हा कळलं, पण फार जणांच्या लक्षात राहिलं नाही. एप्रिल २०१० मध्ये केंद्र सरकारने हवेतून होणारा संसर्ग रोखण्यासाठी दवाखान्यांना मार्गदर्शक सूचना काढल्या. चांगल्या आहेत. खोकणाऱ्याला रांगेत पुढे घ्या, वेगळं बसवा, थुंकीचा नमुना बंद खोलीत नको तर उघड्यावर घ्या, वारा कर्मचाऱ्याकडून रोग्याकडे वाहील अशी खुर्ची मांडा. यातल्या कितीशा गोष्टींना पैसा लागतो? खुर्ची उचलून पलीकडे ठेवायला काय निविदा काढावी लागते का?

कोविडबद्दल एवढंच सांगतो. मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर सांगितलं, की हा रोग हवेतून पसरत नाही. जुलैत २३९ शास्त्रज्ञांनी खुलं पत्र लिहून हरकत घेतली. संघटनेने पुढे हळूहळू भूमिका बदलली, आणि २०२४ मध्ये शिंतोडे आणि कण हा जुना भेदच बाजूला ठेवणारे नवे शब्द स्वीकारले. चेपिनची सावली शंभर वर्षं पुरली. दरम्यान आपण सगळे भाजी धूत होतो. बंद, वातानुकूलित रुग्णालयांत परिचारिकांचे अख्खे गट आजारी पडत होते, आणि सांगितलं जात होतं की हात नीट धुतले नसतील.

आपल्या जिल्ह्याचं त्या काळात नाव झालं ते ऑक्सिजनमुळे. तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड स्वतः डॉक्टर, भिल्ल कुटुंबातले. पहिली लाट ओसरत असताना त्यांनी ऑक्सिजनचे प्लांट उभे करून ठेवले, आणि २०२१ च्या दुसऱ्या लाटेत देश सिलिंडरसाठी धावत असताना नंदुरबारला पुरलं. याचा अभिमान वाटायलाच हवा. पण आम्ही इतिहासाची माणसं, म्हणून एक नोंद करतो. आत घ्यायच्या हवेची जेवढी चर्चा झाली, तेवढी आतून बाहेर पडणाऱ्या हवेची कुठेच झाली नाही. प्लांटचं उद्‌घाटन होतं. खिडकीचं कोण करणार?

दोन वर्षांपूर्वी, डिसेंबरात, याच भागातल्या एका दवाखान्यात आम्ही एका ओळखीच्या आजीबाईंना भेटायला गेलो होतो. नाव सांगत नाही, कारण असे पुष्कळ आहेत. डाबकडे दंव गोठतं तो मोसम. वॉर्डात चौदा-पंधरा माणसं, तीन जण सारखे खोकणारे, दोन तान्ही मुलं. सगळ्या खिडक्या बंद, एका फुटक्या तावदानावर पुठ्ठा मारलेला. आम्ही मोठ्या शहाणपणाने खिडकी उघडली. पलीकडच्या खाटेवरच्या बाईने काही न बोलता उठून ती लावली आणि बाळावर लुगड्याचा पदर ओढला. तिचं चुकलं का? झोळीत घालून, दोन डोंगर उतरून आणलेलं लेकरू. त्याला थंडी दिसत होती, जंतू दिसत नव्हता. दवाखान्यात एकाच खाटेला ब्लँकेट, तेही एकच. त्या दिवशी आम्हांला कळलं, की हवेचा प्रश्न अर्धा ब्लँकेटचा प्रश्न आहे. नाइटिंगेलबाईंच्या वॉर्डात खिडकी उघडी होती, पण शेगडीही पेटलेली होती आणि पांघरूणही होतं. आपण तिची खिडकी घेत नाही, आणि घेतली तर पांघरूण विसरतो.

मघाशी एका आशाताईंनी चिठ्ठी पाठवली आहे : मास्क रोग्याने लावायचा की आपण? दोघांनी, पण आधी रोग्याने. दक्षिण आफ्रिकेत रायलींसारखाच प्रयोग परत केला गेला. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाच्या रोग्यांनी मास्क लावला नाही त्या दिवसांची हवा ९० गिनीपिगांना दिली, ६९ ना लागण झाली. मास्क लावला त्या दिवसांची हवा दुसऱ्या ९० ना दिली, ३६ ना झाली. मास्क साधाच, शस्त्रक्रियेच्या वेळचा. छत्तीस म्हणजे शून्य नव्हे, म्हणून खिडकी लागतेच. तुम्हांला स्वतःला मात्र साधा पुरत नाही, एन-९५ लागतो. तो मागा. लाजू नका.

दुसरी चिठ्ठी आहे, होळीबद्दल. काठीची होळी आली की ऊसतोडीला, गुजरातेत कामाला गेलेली माणसं परत येतात, रात्रभर नाच होतो, पहाटे होळी पेटते. विचारलंय, की त्या गर्दीत रोग पसरतो का. उघड्यावर, वाऱ्यात, फार कमी. आम्हांला त्या मैदानाची काळजी नाही. काळजी आहे ती त्या जीपची, जिच्यात ताडपत्री बांधून वीस माणसं रात्रभर खोकत येतात, आणि होळीनंतरच्या सोमवारच्या ओपीडीची. परत आलेल्या माणसाला तेव्हाच विचारायचं, किती दिवस खोकताय? दोन आठवड्यांच्या वर म्हणाला तर त्याला बाकावर बसवू नका. बाहेर झाडाखाली खुर्ची द्या, थुंकीची डबी तिथेच द्या, आणि त्याचा नंबर आधी घ्या. बाकीचे कुरकुर करतील. त्यांना सांगा, तुमच्यासाठीच करतोय.

आणि ब्लँकेटचं त्या आजीबाईंच्या वॉर्डातल्या सिस्टरांनी पुढच्या थंडीत काय केलं तेही विचारलंय. त्यांनी खोकणाऱ्यांच्या खाटा एका टोकाच्या खिडकीखाली नेल्या आणि ती खिडकी उघडी ठेवली. लेकुरवाळ्या बायका दुसऱ्या टोकाला, वाऱ्याच्या वरच्या अंगाला. गावातून जुन्या गोधड्या गोळा केल्या, उन्हात घालून वापरल्या. पुठ्ठा मात्र अजून तिथेच आहे, काच यायचीय.